परक्या मुलखातला पीडित : घोड-भीमेच्या काठचा एक इतिहास

हिंसक गुन्ह्याला बळी पडलेला माणूस जेव्हा त्या मुलखात परका असतो, तेव्हा झालेल्या इजेची दाद कोणाकडे मागायची आणि दाद मागताना आपल्याला येथे राहू दिले जाईल की हुसकून लावले जाईल, असे दोन प्रश्न त्याच्यापुढे एकदम उभे राहतात. अमेरिकेच्या संसदेने ऑक्टोबर २००० मध्ये मानवी व्यापार व हिंसाचार यांतील पीडितांच्या संरक्षणाचा कायदा केला आणि अशा परक्या पीडिताला देशात राहण्याचा तात्पुरता परवाना देणारा ‘यू व्हिसा’ नावाचा वर्ग त्यात निर्माण केला. कायदा अलीकडचा असला तरी त्यामागचा पेच फार जुना आहे. पुणे जिल्ह्यातील न्हावरे आणि त्याच्या उत्तरेची व दक्षिणेची गावे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत तो इतक्या जवळून पाहिला, की ‘पीडित कोणाला म्हणायचे’ या एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे त्याच पट्ट्यात दिली गेली, आणि त्यांतली काही उत्तरे पुढे कायद्याच्या पुस्तकातही जाऊन बसली.

न्हावरे हे शिरूर तालुक्याच्या दक्षिण भागातले, शिरूरहून चौफुल्याकडे जाणारा आणि तळेगाव ढमढेऱ्याहून काष्टीकडे जाणारा असे दोन रस्ते जेथे एकमेकांना छेदतात तेथले गाव आहे. त्याच्या उत्तरेला घोड नदी आणि दक्षिणेला भीमा वाहते. पारगावाजवळ भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो आणि थोड्याच अंतरावर केडगाव येते. आज कालव्याच्या पाण्यामुळे या शिवारात ऊस उभा दिसतो आणि घोडगंगा सहकारी साखर कारखानाही न्हावऱ्यालाच आहे. परंतु कालवे येण्यापूर्वी हा सगळा पट्टा ज्वारी-बाजरीचा, पावसाच्या भरवशावरचा होता. दौंड हा स्वतंत्र तालुका तेव्हा नव्हता. केडगाव, सुपे ही गावे भीमथडी तालुक्यात मोडत. न्हावऱ्याच्या उत्तरेला करडे आणि दक्षिणेला केडगाव ही दोन गावे या इतिहासात पुन्हा पुन्हा येतात.

या मुलखात परके म्हणून जे ओळखले जात, ते मुख्यतः गुजर आणि मारवाडी सावकार होत. गुजर वाण्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या येथे राहून भाषेने आणि चालीरीतींनी बरीचशी मिसळून गेली होती. मारवाडी मात्र बहुतांशी १८१८ नंतरचे. पेशवाई बुडाली, शिरूरला घोडनदीच्या काठी इंग्रजांची लष्करी छावणी स्थिरावली, छावणीच्या आश्रयाने बाजारपेठ वाढली आणि त्या पेठेतून ही मंडळी आसपासच्या गावांत पसरली. आधी एखाद्या नातलगाच्या दुकानी नोकरी करायची, काटकसरीने चार पैसे जमवायचे, मग खेड्यात स्वतःचे दुकान थाटून धान्य आणि रोख उसनवार देऊ लागायचे, लग्नकार्याला मारवाडात जाऊन यायचे, असा त्यांचा क्रम १८७५ नंतरच्या सरकारी चौकशीत नोंदला गेला आहे. संस्थानी मुलखात जन्मलेला हा माणूस कायद्याच्या भाषेत ब्रिटिश हिंदुस्थानचा प्रजाजनही नव्हता. १८६४ च्या परकीयांविषयीच्या कायद्याची व्याख्या शब्दशः लावली असती, तर तो ‘परकीय’च ठरला असता. प्रत्यक्षात त्याच्याजवळ कोणी परवाना मागत नसे. गावात त्याचे स्थान ठरे ते त्याच्या वहीवरून, आणि वहीचे वजन ठरे ते तालुक्याच्या दिवाणी न्यायालयावरून.

वहीला हे वजन पूर्वी इतके नव्हते. मराठी अमलात कर्जाचा तंटा गोतात किंवा पंचायतीत जाई, व्याज कितीही साचले तरी एकूण वसुली मुदलाच्या दुपटीपुढे जाऊ नये हा दामदुपटीचा संकेत पाळला जाई, आणि सावकाराला वसुलीसाठी गावाच्या संमतीवर बरेच अवलंबून राहावे लागे. त्या काळी हिंसेने उठून गेलेल्या माणसाला परत आणण्याची एक रूढ पद्धत होती, ती कौलाची. कौल म्हणजे सत्तेने रयतेला दिलेले लेखी आश्वासन : गावावर यावे, जमीन कसावी, सारा इस्ताव्याने म्हणजे वर्षागणिक थोडा थोडा वाढवत घेतला जाईल, आणि जिवाला अभय आहे. १६३० च्या सुमारास आदिलशाही फौजेने पुणे जाळले, त्याच सुमारास मोठा दुष्काळ पडला आणि लोक परागंदा झाले. त्यानंतर शहाजीराजांच्या जहागिरीतील पुणे व सुपे या परगण्यांची वस्ती दादोजी कोंडदेवांच्या कारभारात पुन्हा बसवली गेली ती अशाच सवलतींच्या बळावर. रयत परागंदा का झाली, कोणत्या हल्ल्यात तिचे किती नुकसान झाले, याचा दाखला कौल देणारा मागत नसे. ओसाड जमिनीला माणूस हवा होता, हे कारण त्याला पुरेसे होते; आश्रय देणाऱ्याची स्वतःची गरज आश्रयाच्या मुळाशी असते, ही गोष्ट पुढच्या सगळ्या कायद्यांकडे पाहताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

इंग्रजी अमलात गावाची संमती अनावश्यक ठरली आणि कागद स्वयंपूर्ण झाला. कर्जाचे खत गावचा कुलकर्णी किंवा सावकार स्वतः लिही. खाली कुणब्याची सही म्हणून नांगराची निशाणी असे, कारण त्याला अक्षर येत नसे, आणि वर काय लिहिले आहे हे त्याला जे वाचून दाखवले जाई तेवढेच कळे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू कर्जदाराचे रक्षण करण्याचा होता, पण परिणाम असा झाला, की दर तीन वर्षांनी साचलेले व्याज मुदलात मिळवून नवे खत लिहून घेणे ही सावकाराची गरज झाली आणि नवे खत न दिल्यास दाव्याची धमकी ही रीत झाली. दावा लागला तर बहुतेक कुणबी न्यायालयात हजर होत नसत, निकाल एकतर्फी लागे, आणि हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा वसुलीचा आदेश, घेऊन बेलीफ दारात येई. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, कापसाचे भाव चढले आणि पतही सैल झाली. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, त्याच सुमारास इंदापूर, भीमथडी या बाजूच्या तालुक्यांत जमिनीची फेरपाहणी होऊन सारा वाढला. मारवाडी सावकाराने यापूर्वीही कर्ज दिले होते. आता तो जमीन आणि राहते घर घेऊ शकत होता.

१८७४ च्या डिसेंबरात करड्याला नेमके हेच घडले. काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने बाबासाहेब देशमुख या कर्जात बुडालेल्या वतनदाराविरुद्ध दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्याच्या बजावणीत त्यांचे घर पाडले, अशी नोंद सरकारी अहवालात आहे. देशमुख हा प्रतिष्ठित घराण्याचा माणूस, घर ही त्याच्या प्रतिष्ठेची उघड खूण, आणि ती गावाच्या डोळ्यांदेखत जमीनदोस्त झाली; त्यामुळे आजवर ज्याची त्याची असलेली कर्जाची जखम एकाएकी सर्वांची झाली. गावाने मारवाड्यांना वाळीत टाकले. त्यांच्या शेतात कोणी राबेना, पाणी कोणी भरेना, न्हावी हजामतीला येईना, दुकानावर कोणी जाईना; दारात मेलेली कुत्री आणि घाण टाकली जाई. त्यांनी सामानसुमान घेऊन शिरूरला निघून जायचे ठरवले, तर भाड्याने बैलगाडी मिळेना, वाटेल ते भाडे देऊ केले तरी मिळेना. गावात राहणे अशक्य आणि गावातून निघणेही अशक्य, ही परक्या पीडिताची जी कोंडी असते, ती या एका गाडीच्या प्रसंगात जितकी स्पष्ट दिसते तितकी कोणत्याही व्याख्येत दिसत नाही. या शस्त्राला युरोपीय भाषांत नाव मिळाले ते सहा वर्षांनी, १८८० मध्ये, जेव्हा आयर्लंडातील मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्यावर तेथील कुळांनी तोच प्रयोग केला. मराठीत ‘वाळीत टाकणे’ हा शब्द आधीपासून होता. जातपंचायत तो वापरीत असे, आणि करड्याने तो जातीबाहेर काढून कर्जाच्या प्रश्नाला लावला. इंदापूर तालुक्यातील कळस गावच्या लोकांनी तर ‘समापत्र’ लिहून सह्या केल्या, की जो कोणी गुजरांकडे काम करील त्यालाही वाळीत टाकले जाईल.

बहिष्कारातून दंगलीपर्यंतचा प्रवास पाच महिन्यांचा होता. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या आठवडेबाजारी जमलेल्या गर्दीने गुजरांची दुकाने आणि घरे फोडली, माल लुटला आणि वह्या-खते जाळली. त्यानंतर दिवस उलटण्याच्या आत चौदा मैलांवरच्या केडगावात तेथील मुख्य गुजर सावकाराच्या कडब्याच्या गंजी पेटल्या आणि राहत्या घरालाही आग लावण्यात आली. पुढच्या काही आठवड्यांत भीमथडी, शिरूर, इंदापूर, पुरंदर या पुणे जिल्ह्यातल्या आणि पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या नगर जिल्ह्यातल्या तालुक्यांत हे लोण पसरले. सुपे वगळता बहुतेक ठिकाणी गर्दीला पैसा वा दागिना नको होता. हवे होते ते खत, रोखा, हुकूमनामा. ते मुकाट्याने हाती पडले तर लोक ते फाडून किंवा जाळून निघून जात, आणि सावकाराने नकार दिला तरच बळाचा वापर होई. शिरूर तालुक्यातील एका गावी अशा नकारापायी एका मारवाड्याचा पाय मोडला गेला. नांगराच्या निशाणीचा कागद जळताना पाहणाऱ्या कुणब्याला तो कागद म्हणजे आपल्यावरचा जुलूम वाटत होता, आणि ज्याचे घर फुटले त्याला तोच कागद म्हणजे परमुलखात जगण्याचा एकमेव आधार वाटत होता. दोघांचेही म्हणणे खरे होते.

दंगलीची व्याप्ती किती मानायची याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. रविंदर कुमार यांनी १९६८ मधील आपल्या ग्रंथात तिला पश्चिम भारताच्या ग्रामीण समाजातील मोठ्या उलथापालथीचे लक्षण मानले, तर नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये असे दाखवण्याचा प्रयत्न केला, की उपद्रव झालेली गावे तीस-पस्तीसच्या पलीकडे नव्हती आणि तिचे महत्त्व सरकारी चौकशीनेच वाढवले. आकड्यांच्या बाबतीत चार्ल्सवर्थ यांचे म्हणणे टिकते. तरीही न्हावऱ्याच्या दोन्ही अंगांची गावे काही महिन्यांच्या अंतराने पेटतात तेव्हा त्या पट्ट्यातल्या प्रत्येक दुकानदाराने आपली वही कोठे लपवावी याचा विचार केला असेल, आणि भीतीची मोजदाद पेटलेल्या घरांच्या संख्येवरून करता येत नाही.

सरकारचे पहिले उत्तर पोलिसी होते. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ जणांना अटक झाली आणि ५०१ जणांना शिक्षा झाल्या. गडबड झालेल्या गावांत जादा पोलीस ठेवून त्यांचा खर्च गावकऱ्यांकडून वसूल करण्याचा मार्ग अवलंबला गेला. या पद्धतीत हिंसेची जबाबदारी सबंध वस्तीवर टाकली जाते. तिचाच पुढचा टप्पा १८९५ मध्ये आला : १८६१ च्या पोलीस कायद्यात कलम १५-अ घालण्यात आले आणि रहिवाशांच्या गैरवर्तनामुळे ज्याची इजा वा हानी झाली, त्याला त्या वस्तीकडून भरपाई वसूल करून देण्याची तरतूद झाली. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याच्या ५० व ५१ या कलमांत जादा पोलीस आणि बेकायदा जमावाच्या पीडितांना भरपाई या दोन्ही कल्पना शेजारी शेजारी आल्या. भरपाईसाठी पीडित स्थानिक असण्याची अट यांतल्या ५१ व्या कलमात नाही, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. मारवाडातून आलेला दुकानदार आणि गावचा पाटील त्या बाबतीत समान ठरतात.

दुसरे उत्तर चौकशीचे होते, आणि त्याने पीडिताची व्याख्याच फिरवली. मुंबई सरकारने नेमलेल्या आयोगात रिची, लायन, ऑकलंड कोल्विन आणि शंभुप्रसाद लक्ष्मीलाल हे सभासद होते. ज्यांची घरे फुटली त्यांच्या फिर्यादीपासून सुरू झालेली ही चौकशी, ज्यांनी घरे फोडली त्यांच्या कर्जाच्या हिशेबापर्यंत जाऊन पोहोचली. आणि न्यायालयाचा हुकूमनामा हाही एखाद्यावर केलेला बळाचा प्रयोग असू शकतो, हे सरकारी कागदांतच मान्य झाले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला आणि तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. न्यायाधीशाने खतावरील रकमेवर विसंबून न राहता कर्जाचा मुळापासून इतिहास तपासावा, मुद्दल आणि व्याज वेगळे मांडावे, शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात टाकू नये, नवी खते गावच्या निबंधकासमोर वाचून दाखवून व्हावीत, असे त्याचे मुख्य विशेष होते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडके यांच्या टोळीने पहिला दरोडा घातला तो शिरूर तालुक्यातील धामारी येथे एका व्यापाऱ्याच्या घरावर; आयोगाचा अहवाल येऊन तीन वर्षे होत आली असतानाही या मुलखातली आग पुरती विझली नव्हती.

१८७९ च्या कायद्याचा सर्वांत बोधप्रद भाग त्याच्या व्याख्येत आहे. सवलत ‘शेतकऱ्याला’ मिळायची, आणि शेतकरी म्हणजे ज्याची उपजीविका सर्वस्वी किंवा मुख्यतः त्या ठराविक जिल्ह्यांत चालणाऱ्या शेतीवर आहे तो. आता ‘मुख्यतः’ म्हणजे किती, शेतीबरोबर गाडी भाड्याने चालवणारा त्यात येतो का, कर्ज घेतले तेव्हाची स्थिती पाहायची की दावा लागला तेव्हाची, यांवर वर्षानुवर्षे खटले चालले. सवलतीसाठी बरीच खटपट करून शेतकरी ठरू पाहणारे सधन लोक होते, आणि खरोखर नांगर धरणारे पण पुरावा नसलेले गरीबही होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखालील विशेष न्यायाधीश म्हणून चारही जिल्ह्यांत फिरून खालच्या न्यायालयांचे काम तपासले. दुःख खरे असणे आणि पात्रता सिद्ध होणे यांच्यात केवढे अंतर असू शकते, हे या कायद्याच्या दीर्घ इतिहासाइतके क्वचितच कोठे दिसते.

याच पट्ट्यात, ज्या केडगावात १८७५ मध्ये गुजर सावकाराचा कडबा जळला त्याच केडगावात, वीस-बावीस वर्षांनी आश्रयाचे एक निराळे रूप उभे राहिले. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन सुरू केले व पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून तीनशेच्या आसपास मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने त्यांना केडगावच्या माळावर, रमाबाईंनी घेतलेल्या जमिनीत, तंबूंत आणि झोपड्यांत ठेवावे लागले. त्यातून ‘मुक्तिसदन’ उभे राहिले. १९०० च्या सुमारास गुजरातेतील दुष्काळपीडित मुलीही आल्या आणि आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. या केवळ भुकेल्या मुली नव्हत्या. दुष्काळी रस्त्यांवर, दलालांच्या हाती आणि सरकारी मदत-छावण्यांतही त्यांच्यावर अत्याचार झाल्याचे रमाबाईंनी त्याच वेळी जाहीरपणे लिहिले होते, आणि ज्यांचे शोषण झाले होते अशा स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ हा स्वतंत्र विभागही केला होता. यांतल्या बहुतेकींना मराठी येत नव्हते, केडगाव कोणत्या जिल्ह्यात आहे हे माहीत नव्हते, आणि त्यांच्याजवळ एकही कागद नव्हता. केडगावला फिर्याद, पंचनामा किंवा कोणा अंमलदाराचा दाखला मागितला गेला नाही. येथील धर्मांतरांवरून मोठे वाद झाले, शारदासदनावर तर १८९३ मध्येच पुण्याच्या वर्तमानपत्रांतून टीकेची झोड उठली होती, आणि आश्रय देणाऱ्याची श्रद्धा आश्रिताच्या आयुष्यात कितपत शिरावी हा त्या टीकेतला प्रश्न रास्त होता. तरीही पीडितेच्या शब्दावर दार उघडणारी इतकी मोठी संस्था या जिल्ह्यात त्याआधी झाली नव्हती, हे मान्य करण्यात कोणी आढेवेढे घेऊ नयेत.

कौल, जादा पोलीस, पात्रतेची व्याख्या आणि मुक्तिसदनाचे दार, हे चारही धागे अमेरिकेतील २००० सालच्या कायद्यात एकत्र सापडतात. यू व्हिसासाठी अर्जदार कायद्याने ठरवलेल्या गुन्ह्यांपैकी एखाद्या गुन्ह्याचा बळी असावा लागतो; त्या यादीत बलात्कार, घरगुती हिंसा, अपहरण, वेठबिगारी, खंडणी, गंभीर मारहाण असे गुन्हे येतात. गुन्हा अमेरिकेत घडलेला किंवा तेथील कायद्याचा भंग करणारा असावा, पीडिताला मोठी शारीरिक वा मानसिक इजा झालेली असावी, गुन्ह्याची माहिती त्याच्याजवळ असावी आणि तपासाला वा खटल्याला त्याने साहाय्य केलेले असावे, किंवा करण्याची तयारी असावी, अशा अटी आहेत. तो देशात परवान्यावाचून राहत असला तरी अर्ज करू शकतो. परवानगी चार वर्षांपर्यंतची असते, तीन वर्षे सलग वास्तव्य झाल्यावर कायम निवासासाठी अर्ज करता येतो, आणि पती-पत्नी व मुले यांनाही सोबत सामावून घेता येते. यामागचा सरकारी हेतू उघड आहे : हद्दपारीच्या भीतीने गप्प बसलेला साक्षीदार पुढे यावा. ओसाड गावाला जशी रयत हवी होती, तशी येथे पोलिसांना साक्ष हवी आहे.

सगळा अर्ज अडतो तो एका पुरवणीपाशी. आय-९१८ क्रमांकाच्या अर्जाला जोडायची ‘पुरवणी-ब’ पीडित स्वतः भरू शकत नाही. पोलीस खात्याचा प्रमुख किंवा त्याने नेमलेला अधिकारी, सरकारी वकील वा न्यायाधीश यांनी ती भरून अर्जदाराने साहाय्य केल्याचे सहीनिशी सांगायचे असते. ही सही करणे त्यांच्यावर केंद्रीय कायद्याने बंधनकारक नाही, त्यामुळे एका शहरात सहज मिळणारा कागद शेजारच्या शहरात मिळत नाही. आणि सहीच्या तारखेपासून सहा महिन्यांत अर्ज दाखल झाला नाही तर ती सही निरुपयोगी होते. त्यानंतर प्रतीक्षा सुरू होते, कारण मुख्य अर्जदारांना वर्षाला १०,००० च व्हिसा देता येतात आणि प्रलंबित अर्ज लाखाच्या वर गेले आहेत.

परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने या कायद्याचे महत्त्व फार विशिष्ट जागी आहे. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आणि पत्नी त्याच्यावर अवलंबून असलेल्या एच-४ व्हिसावर, अशी पुण्या-मुंबईकडच्या असंख्य घरांची स्थिती असते. घरात मारहाण होऊ लागली तर १९९४ च्या स्त्रियांवरील हिंसेविरुद्धच्या कायद्यातील स्वतंत्र अर्जाची सोय अशा स्त्रीला मिळत नाही, कारण ती अमेरिकी नागरिकांच्या व कायम रहिवाशांच्या जोडीदारांपुरती आहे. घटस्फोट झाला तर तिचा व्हिसाही संपतो. यू व्हिसा नवऱ्याच्या दर्जावर अवलंबून नसल्याने येथे उपयोगी पडतो. न्यू जर्सीत १९८५ मध्ये स्थापन झालेल्या ‘मानवी’ या दक्षिण आशियाई स्त्रियांच्या संस्थेसारख्या संस्थांना या स्त्रीचा पहिला अडसर इंग्रजी किंवा पैसा यांपेक्षा वेगळाच असल्याचे दीर्घकाळ दिसत आले आहे : पोलिसांना बोलावले तर नवऱ्याची नोकरी जाईल, नोकरी गेली तर सर्वांनाच परत जावे लागेल, आणि परत गेल्यावर चार माणसांत काय सांगायचे. करड्याच्या बैलगाडीसारखीच ही कोंडी आहे, फक्त गाडी अडवणारे लोक येथे तिच्या मनातही बसलेले असतात.

जेथे पात्रतेला किंमत असते तेथे बनावट पात्रताही येते. २०२३ पासून बोस्टनच्या संघराज्य न्यायालयात अशी प्रकरणे उभी राहिली, ज्यांत लहान दुकानांतून लुटुपुटीचे सशस्त्र दरोडे घडवून आणून, ‘पीडित’ ठरू पाहणाऱ्या दुकानदार-नोकरांकडून त्यासाठी पैसे घेतले गेल्याचा आरोप होता, आणि आरोपींत भारतीय वंशाचे लोक होते. काहींनी पुढे गुन्हा कबूलही केला. अशा लबाडीचा फटका खऱ्या पीडितांनाच बसतो, कारण प्रत्येक बनावट अर्जामुळे सही करणाऱ्या अधिकाऱ्याची लेखणी थोडी अधिक वेळ कागदावर घुटमळते. १८७९ च्या कायद्याखाली खोटे शेतकरी पुढे आले म्हणून त्या कायद्याची गरज नाहीशी झाली नाही, आणि येथेही होत नाही.

न्हावऱ्याच्या परिसरात आज परका कोण, असे विचारले तर उत्तर हंगामानुसार बदलते. साखरपट्ट्यात ऊसतोडीचा हंगाम आला की बीडसारख्या जिल्ह्यांतून मजुरांच्या टोळ्या येतात. नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली ‘उचल’ फिटेपर्यंत काम सोडता येत नाही, आणि फडाच्या कडेला खोपी घालून ही माणसे पाच-सहा महिने काढतात. उचलीपायी कोंडून ठेवणे किंवा मारहाण झाली, तर १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा आहे. त्याखाली दंडाधिकाऱ्याने दिलेले मुक्ततेचे प्रमाणपत्र हाती पडले की पुनर्वसनाचे अर्थसाहाय्य मिळते, आणि ते प्रमाणपत्र ही या मजुराची पुरवणी-ब असते. हिंसक गुन्ह्यांच्या पीडितांसाठी २००८ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत भरपाईचे कलम ३५७-अ आले, महाराष्ट्राने २०१३ मध्ये अत्याचारपीडित स्त्रिया व बालकांसाठी ‘मनोधैर्य’ योजना सुरू केली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येईल, म्हणजे ज्याला ‘झिरो एफआयआर’ म्हणतात ती सोय, कायद्यात आणली. गावी परतलेल्या मजूर स्त्रीला त्यामुळे बीडच्या ठाण्यात शिरूरकडच्या गुन्ह्याची तक्रार देता येते. खटला मात्र गुन्हा जेथे घडला तेथेच चालतो, साक्षीची तारीख लागेपर्यंत हंगाम संपलेला असतो, आणि चैत्रात शेवटचा फड तुटला की टोळीच्या गाड्या भांडीकुंडी, कोंबड्या आणि पोरे घेऊन नगरच्या रस्त्याने परत निघतात.